फोंड्यातला कठीण वाचनाचा वर्ग: बारा शनिवारांनंतरचा अभिप्राय

फोंड्यात एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळात प्रौढांसाठी इंग्रजी वाचनाचा वर्ग चालतो. घरावर पाटी नाही, कुठे जाहिरात नाही आणि सरांना ती नकोही आहे, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. बारा शनिवारांचे शुल्क साडेचार हजार रुपये असून त्यातच मजकुराच्या झेरॉक्स प्रती मिळतात. वर्गाचा उद्देश एकच आहे: ललितेतर, जड आणि सहजासहजी न वाचवणारे इंग्रजी लेखन वाचत वाचत वरच्या पायरीचा शब्दसंग्रह कमावणे. व्याकरण, संभाषण किंवा मुलाखतीची तयारी यांतले काहीही येथे शिकवत नाहीत.

चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी, अशा वाटेने शिकलेल्या गोमंतकीयांची माझी पिढी आहे. कचेरीतली पत्रे आणि वर्तमानपत्र आम्ही अडखळल्याशिवाय वाचतो, पण इतिहासाचे किंवा कायद्याचे पुस्तक हाती घेतले की पंधराव्या पानावर ते मिटते आणि मग कपाटातच राहते. शब्दयाद्यांची पुस्तके मी दोनदा पाठ करून पाहिली होती. त्यांतले शब्द परीक्षेपुरते टिकले, वाचताना मात्र ते समोर आले तरी ओळख देत नव्हते.

पहिल्या शनिवारी सरांनी कोणताही शब्द शिकवला नाही. एक पान वाचायला देऊन अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायला सांगितली आणि त्या रेघा मोजायला लावल्या. माझ्या पानावर सुमारे तीनशे शब्दांत एकोणीस रेघा निघाल्या, म्हणजे साधारण सोळा शब्दांमागे एक. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या अभ्यासाचा आधार सरांनी तेव्हा दिला. आधाराशिवाय लिखित इंग्रजी नीट समजायचे, तर मजकुरातले ९८ टक्के शब्द आधीपासून ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासात एकच शब्द अनोळखी चालतो, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक कूळ) ओळख हवी, असे तो अभ्यास सांगतो. आपण कुठे आहोत हे अशा तऱ्हेने आकड्यांत समजले की ‘माझे इंग्रजी कच्चे आहे’ ही मोघम खंत जाते आणि तिच्या जागी मोजता येणारे अंतर उरते.

ललितेतरच का, याचेही उत्तर त्याच दिवशी मिळाले. न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दयादीत ५७० शब्दकुळे आहेत. विद्यापीठीय लेखनातले सुमारे दहा टक्के शब्द या यादीत सापडतात, तर कथा-कादंबऱ्यांतले जेमतेम १.४ टक्के. वर्षभर कादंबऱ्या वाचून माणसाची इंग्रजी समज नक्कीच वाढते, पण हे विशिष्ट शब्द त्याच्या वाटेत फारसे येतच नाहीत.

मात्र वर्गाचे खरे वैशिष्ट्य या आकडेवारीत नाही. ते मजकुराच्या निवडीत आहे. पहिले चार शनिवार आम्ही आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १२ एप्रिल १९६० रोजीचा निकाल वाचत होतो. दादरा आणि नगरहवेली येथे दमणहून जाण्यासाठी भारताच्या हद्दीतून वाट मिळावी, म्हणून पोर्तुगालने भारताविरुद्ध गुदरलेला हा खटला आहे. निकालाची वाक्ये इतकी लांब की क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरावा. पण वादाचा मोठा भाग एका मराठी शब्दाभोवती फिरतो, हे लक्षात आल्यावर वर्गातला कंटाळा पळाला. मराठ्यांनी पोर्तुगिजांशी १७७९ साली केलेल्या तहाने आणि पुढे १७८३ व १७८५ मधील व्यवहारांनी जे दिले, ती मुलखाची मालकी होती की केवळ महसुलाचा हक्क? न्यायालयाने तो जहागीर किंवा सरंजाम या स्वरूपाचा महसुली हक्क ठरवला.

आता ‘सरंजाम’ आपल्याला ठाऊक आहे. लग्नघरातल्या सामानसुमानाला आपण तो शब्द लावतो आणि सरंजामी थाटाची चेष्टाही करतो. सरांनी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण काढून त्या शब्दाचा जुना, जमिनीशी बांधलेला अर्थ दाखवला आणि मग निकालातल्या ‘टेन्युअर’ व ‘सॉव्हरिन्टी’ या शब्दांकडे वळवले. जमीन नुसती धारण करणे एक आणि तिच्यावर सत्ता असणे दुसरे, हा भेद मराठीतून पक्का झाल्यामुळे दोन्ही इंग्रजी शब्द आपोआप आपापल्या जागी बसले. याच मजकुरात मुलूख सोडून देण्यासाठीचा ‘सेशन’ हा शब्द भेटतो. तो सी या अक्षराने सुरू होतो; बैठक या अर्थाचा ‘सेशन’ एस या अक्षराने. कानाला दोन्ही सारखेच लागतात आणि देवनागरीत तर फरकाचा मागमूसही उरत नाही, त्यामुळे मी पहिले दोन परिच्छेद ‘कसली बैठक?’ असे म्हणत वाचले होते.

‘एन्क्लेव्ह’ या शब्दाची कथा सरांनी नव्हे, तर आमच्यातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका काकींनी सांगितली. त्यांचे बालपणीचे शिक्षण पोर्तुगीज शाळेत झालेले. आपली ‘चावी’ पोर्तुगिजांच्या ‘शाव’वरून आली, तिच्या मुळाशी लॅटिन ‘क्लाव्हिस’ आहे आणि चारी बाजूंनी दुसऱ्याच्या मुलखाने कोंडलेला, जणू कुलूप लावलेला प्रदेश तो एन्क्लेव्ह. नवा पोप निवडताना कार्डिनल ज्या बंद दाराआड बसतात, त्या ‘कॉन्क्लेव्ह’मध्येही हीच चावी आहे. तेथून तासभर गाडी थांबलीच नाही. ‘मेस्त्री’ आणि ‘मॅजिस्टीरियल’ एकाच कुळातले, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, ‘पाव’ आणि एकत्र भाकर खाणारा ‘कम्पॅनियन’ नात्यातले, दर महिन्याचा ‘पगार’ आणि शांत करणे या अर्थाचा ‘पॅसिफाय’ हे तर चुलत भाऊ. (पगार झाल्यावर घर शांत होते, यावर वर्गाचे एकमत झाले.) मराठीत पोर्तुगीज शब्द खूप आहेत हे आपण शाळेपासून ऐकतो, पण ते जड इंग्रजीचे दार उघडायला उपयोगी पडतात, हे मला पन्नाशीत कळले.

पाचव्या शनिवारपासून दामोदर कोसंबी यांचा गोव्याच्या जुन्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातील, ग्रामसंस्थांवरचा निबंध घेतला. कोसंबी मूळ गोव्याचेच, जन्म १९०७, आणि हा निबंध १९६२ साली आलेल्या त्यांच्या संग्रहात आहे. गावकारी, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणारी जुनी ग्रामसंस्था, आणि तिचे पोर्तुगीज रूप कोमुनिदाद यांविषयी ज्यांच्या घरांत अजून बोलणे होते, त्यांना विषय नवा नव्हता. त्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून काढताना आमचे अंदाज क्वचितच चुकले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचा २१ एप्रिल २०१४ रोजीचा गोव्यातील खाणींवरचा निकाल आला. तो कोरडा आहे, प्रक्रियेच्या तपशिलांनी भरलेला आहे आणि सरांनी त्याची निम्मी पाने गाळली असती तर बरे झाले असते. तरीही ‘डीम्ड’ हा निसरडा शब्द मी त्यातूनच शिकलो. खाणपट्ट्यांची मुदत कायद्याच्या दृष्टीने केव्हा संपली असे मानायचे, हा तेथे प्रश्न होता आणि न्यायालयाने २२ नोव्हेंबर २००७ ही तारीख धरली. डिचोलीहून येणाऱ्या एका सहाध्यायाचे खनिज वाहणारे टिपर २०१२ साली खाणी थांबल्यावर दारात उभे राहिले होते. ‘प्रत्यक्षात खाण चालू, कायद्याने संपलेली’ हा अर्थ त्याने कोणत्याही कोशापेक्षा नेमका सांगितला.

उलट उदाहरणही घडले. दहाव्या आणि अकराव्या शनिवारी सरांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावरचा एक निबंध दिला. शब्दांची काठिण्यपातळी आधीच्या मजकुराइतकीच होती, पण विषयात आमच्यापैकी कोणाचाच पाय टेकत नव्हता. त्या दोन आठवड्यांत वहीत उतरवलेल्या तीसेक शब्दांपैकी आज मला चार आठवतात. निकालातले आणि कोसंबींच्या निबंधातले बहुतेक शब्द मात्र शाबूत आहेत. शब्द अवघड असला तरी चालतो, पण विषय आपल्या अंगणातला असावा, असा निष्कर्ष मी यातून काढला. सरांना तो पूर्ण मान्य नाही. त्यांच्या मते वाचकाने कधीतरी अंगण ओलांडलेच पाहिजे. ते खरे असले तरी बारा आठवड्यांच्या वर्गात त्यासाठी दोन शनिवार खर्च करावेत का, हा माझा प्रश्न कायम आहे.

पद्धतीबद्दल थोडेसे. पहिल्या वाचनात मोबाइल आणि कोश दोन्ही बंद असतात. दुसऱ्या वाचनात फक्त छापील इंग्रजी-इंग्रजी कोश चालतो. वहीत शब्द एकटा लिहायचा नाही, तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य उतरवायचे, डाव्या पानावर मूळ मजकुरातले आणि उजव्या पानावर आपण स्वतः रचलेले. हा नियम सुरुवातीला जाचक वाटतो. महिनाभरात मात्र कोणत्या क्रियापदाला कोणते नाम शोभते, हे बोटांना कळू लागते. इतक्या चांगल्या नियमानंतर दर शनिवारची चाचणी निराश करते, कारण तिच्यात पंचवीस शब्दांपुढे एकेक मराठी प्रतिशब्द लिहायचा असतो. वाक्यासह शिकलेला शब्द परीक्षेत पुन्हा एकटाच उभा करण्यात काय हशील आहे, हे मी सरांना विचारले. तपासायला सोपे जाते, असे त्यांनी हसत कबूल केले.

इतर उणिवा किरकोळ आहेत, पण पैसे मोजणाऱ्याला त्या माहीत असाव्यात. झेरॉक्स फिकट निघतात आणि तळटिपा तर वाचवतच नाहीत. चौदा माणसांना ती बैठकीची खोली अपुरी पडते. उच्चारांकडे दुर्लक्ष होते, त्यामुळे अर्थ समजलेले कित्येक शब्द मी अजून चारचौघांत उच्चारायला धजत नाही. शब्दांच्या व्युत्पत्तीत सर रमले की मूळ परिच्छेद तसाच राहतो. कूळ कळले म्हणून वापर कळतोच असे नाही, हे पगार आणि पॅसिफाय यांच्या नात्यावरूनही दिसते.

ज्यांना साधे वर्तमानपत्रही कोशाशिवाय वाचता येत नाही, त्यांनी येथे एवढ्यात येऊ नये. पहिल्याच निकालात ते गुदमरतील. ज्यांचे रोजचे इंग्रजी ठीक आहे, पण जड पुस्तकाची धास्ती वाटते, त्यांना साडेचार हजार रुपये वसूल झाल्यासारखे वाटेल. शनिवारच्या दोन तासांखेरीज आठवड्यात आणखी चार तास मात्र काढावे लागतात. मी त्यासाठी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसत असे. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात बसून कोसंबी वाचताना फोंड्याच्या खोलीत न लाभणारी शांतता मिळाली.

बाराव्या शनिवारी सरांनी पहिल्या दिवशीचेच पान पुन्हा हाती दिले. माझ्या रेघा एकोणीसवरून सातवर आल्या होत्या. मात्र पान ओळखीचे होते, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पुढची तुकडी चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर सुरू होईल. येताना दोनशे पानी रेघी वही आणावी आणि खोलीतल्या खिडकीजवळची जागा मिळवायची असेल, तर पावणेतीनला पोहोचावे.