ओर्कनीत नोकरी आणि घर: एक हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

ओर्कनीत नोकरी लवकर मिळते, घर उशिरा मिळतं. आणि परवडणारं घर मिळालंच, तर बहुतेक वेळा ते नोकरीच्या गावापासून पाण्यापलीकडे असतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच सांगते. फोटोंत दगडी घरं आणि निळं पाणी दिसतं, पण घर आणि कामाच्या मधली बोट दिसत नाही. इथला सगळा हिशेब तिच्यावर ठरतो.

आम्ही तिघं ग्लासगोहून आलो. मी सरकारी आरोग्यसेवेत प्रयोगशाळेत काम करते. नवरा ग्लासगोतल्याच कंपनीचं काम घरून करतो आणि मुलगी गावातल्या प्राथमिक शाळेत जाते. शहरातलं भाडं दर वर्षी पगाराच्या पुढे धावत होतं, म्हणून बाहेर पडलो. आता उन्हाळा आणि त्यामागचा अख्खा हिवाळा इथे काढून झाल्यावर लिहिते आहे. फक्त उन्हाळ्यातल्या अनुभवावरून लिहिलं असतं तर ते अर्धवट आणि फसवं झालं असतं.

आधी जागा समजून घ्या. ओर्कनी म्हणजे सुमारे 70 बेटं, त्यांतली 20च्या आसपास वस्तीची. एकूण लोकसंख्या जेमतेम 22 हजार. त्यांतले बहुतेक लोक सर्वांत मोठ्या बेटावर राहतात, त्याचं नाव मेनलँड. (स्कॉटलंडच्या मुख्य भूमीलाही आपण मेनलँड म्हणतो, त्यामुळे घरांच्या जाहिराती वाचताना गोंधळ होतो, पत्ता नकाशावर बघूनच फोन करा.) कर्कवॉल हे मुख्य गाव. रुग्णालय, कौन्सिलची (म्हणजे स्थानिक प्रशासनाची) कचेरी, मोठी दुकानं, विमानतळ, सगळं तिथेच. नोकऱ्याही तिथेच, थोड्या पश्चिमेच्या स्ट्रोमनेसला.

कामाबद्दल फार लिहायला नको, कारण तिथे आम्हाला अडचण आली नाही. आरोग्यसेवा, शाळा, कौन्सिल, बांधकाम, मत्स्यपालन, हॉटेलं, सगळीकडे माणसं कमी पडतात. लाटा आणि भरती-ओहोटीपासून वीज करण्याच्या यंत्रांची चाचणी घेणारं ईएमईसी हे केंद्र 2003पासून इथे आहे, त्यामुळे इंजिनियरांनाही वाव आहे. सरकारी आरोग्यसेवेत आणि कौन्सिलमध्ये पगारावर दूरच्या बेटांचा भत्ता मिळतो. मुलाखतीत त्याची रक्कम आणि अटी नीट विचारून घ्या. भारतातून थेट येऊ पाहणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. इथे नोकरी देणाऱ्या छोट्या मालकांपैकी अनेकांकडे व्हिसा पुरस्कृत करण्याचा परवाना नसतो, आणि वृद्धसेवेतल्या केअर वर्करच्या कामासाठी परदेशातून नवी भरती 22 जुलै 2025पासून बंद झाली आहे. या कामाचं आमिष दाखवून कुणी पैसे मागत असेल तर एक पैसाही देऊ नका.

आता घर. कर्कवॉलमध्ये भाड्याची घरं मुळात थोडी, आणि जी आहेत त्यांतली काही उन्हाळ्यात पर्यटकांसाठी जातात. जाहिरात आली की ती दोन-चार दिवसांत उतरते. पुष्कळ घरं जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. सहकाऱ्याच्या मावशीचं घर रिकामं होतंय हे चहाच्या सुट्टीत कळतं आणि तिथेच ठरतं. शहरात वेबसाइटवर बसून घर शोधायची सवय असलेल्यांना हे जड जातं. आम्हाला सुरुवातीला कर्मचाऱ्यांसाठीची तात्पुरती खोली मिळाली म्हणून निभावलं. त्या मुदतीत मी भेटेल त्याला घराबद्दल विचारलं आणि शेवटी घर मिळालं ते एका पोस्टमनने दिलेल्या निरोपावरून. म्हणून नोकरीचं पत्र हातात पडल्यावर, होकार देण्याआधी, राहण्याची तात्पुरती सोय लेखी मागा. नोकरी देणाऱ्याला माणसाची निकड असते. ती सोय त्याच वेळी मिळते, नंतर नाही.

कौन्सिलच्या घरांची प्रतीक्षायादी असते. तुमच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट असेल तर तो मार्ग बंद समजा. हाउसिंग असोसिएशनकडे, म्हणजे नफा न कमावता घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेकडे, चौकशी मात्र जरूर करा.

स्कॉटलंडमधला भाडेकरार भाडेकरूच्या बाजूचा आहे. 1 डिसेंबर 2017पासूनच्या करारांना संपण्याची तारीख नसते. कायद्यात दिलेल्या कारणाशिवाय मालक घर रिकामं करायला सांगू शकत नाही. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती 30 कामकाजाच्या दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. एजंटने ‘करार करण्याचे’ वेगळे पैसे मागितले तर ते बेकायदा आहे. ओळखीतून मिळणाऱ्या घरात तोंडी बोलण्यावर भागवण्याकडे कल असतो. मालक कितीही भला असो, कागद करा. आम्ही आग्रह धरला, आणि घराची मालकीण त्यावर जराही रागावली नाही.

आमचं घर साउथ रोनाल्डसे बेटावर आहे, सेंट मार्गारेट्स होपजवळ. लोक त्या गावाला नुसतं होप म्हणतात. ग्लासगोत दोन खोल्यांना जेवढं भाडं देत होतो त्याहून कमी भाड्यात इथे तीन खोल्या, मागे अंगण आणि समोर समुद्र आहे. कर्कवॉलला गाडीने अर्धा तास लागतो. बेट वेगळं असूनही गाडीने जाता येतं, त्यामागे युद्धाचा इतिहास आहे. ऑक्टोबर 1939मध्ये जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदरात शिरून ‘रॉयल ओक’ ही युद्धनौका बुडवली. त्यानंतर बंदरात शिरणाऱ्या पूर्वेकडच्या चिंचोळ्या समुद्री वाटा काँक्रीटचे प्रचंड ठोकळे टाकून बुजवल्या. त्या कामाला इटालियन युद्धकैदी होते. त्या चार बांधांवरून आज रस्ता जातो. मेनलँडवरून लँब होम, ग्लिंप्स होम, बर्रे आणि मग साउथ रोनाल्डसे अशी बेटं त्याने जोडली आहेत. आमच्या घराचं भाडं परवडतं आणि माझी नोकरी टिकते, ती या बांधांमुळे.

पण तेही बिनशर्त नाही. पूर्वेचा वारा आणि भरती एकत्र आली की लाटा बांधावरून उसळतात आणि रस्ता बंद होतो. दुसऱ्या क्रमांकाचा बांध सर्वांत आधी बंद पडतो. हिवाळ्यात मी रोज रात्री हवामानाबरोबर भरतीची वेळही बघते. सकाळी बांध बंद होण्याची शक्यता असेल तर आदल्या रात्रीच कर्कवॉलला सहकारी मैत्रिणीकडे राहते. प्रयोगशाळेत माझ्या जागी उभं राहायला फार माणसं नाहीत, रक्ताचा नमुना थांबू शकत नाही, त्यामुळे हे करावंच लागतं. मुलाखतीत मला कुणी विचारलं नव्हतं की तुम्ही कुठे राहणार. आता नव्या माणसाला मीच विचारते.

बांधांनी न जोडलेल्या बेटांवर घरं याहूनही स्वस्त आहेत. वेस्ट्रे, सँडे, स्ट्रॉन्से, ईडे इथली जुनी दगडी घरं बघून कुणालाही मोह होईल. मेनलँडवर रोजची नोकरी असेल तर हा मोह आवरा. तिथून कर्कवॉलच्या बोटी दिवसाला मोजक्याच, आणि आठ आसनी विमानाच्या फेऱ्या हवेवर अवलंबून. शॅपिन्सेचा अपवाद करता येईल. तिथून बोट सुमारे 25 मिनिटांत पोचते आणि बरेच लोक रोज ये-जा करतात. काम पूर्णपणे घरून करणारं, मुलं लहान किंवा नाहीतच, अशा जोडप्याला दूरची बेटं खरंच लाभतील. मुलं मोठी होत असतील तर शाळेचा विचार आधी. वरच्या इयत्तांतली बाहेरच्या बेटांवरची मुलं आठवडाभर कर्कवॉलच्या वसतिगृहात राहतात आणि शनिवार-रविवारी घरी जातात. काही कुटुंबांना ते चालतं. आम्हाला चाललं नसतं.

भाडं कमी म्हणजे राहणं स्वस्त, असं मात्र नाही. इथे पाइपने येणारा गॅस नाही. घर तापवायचं तर वीज, हीट पंप किंवा टाकीत भरलेलं तेल. आमच्याकडे टाकी आहे. त्यातलं तेल म्हणजे सरळ रॉकेलच. ते एका वेळी निदान 500 लिटर मागवावं लागतं, म्हणजे ऐन थंडीत एकरकमी मोठा खर्च. ओर्कनी 2013पासून वर्षभरात आपल्या गरजेहून जास्त वीज वारा-लाटांपासून तयार करते, तरीही इथल्या घरांत ऊर्जेच्या खर्चाने पिचलेल्यांचं प्रमाण स्कॉटलंडमध्ये सर्वांत जास्त असलेल्या भागांत मोडतं. विजेचा दर देशाच्या बाजारात ठरतो, तो बेटावर ठरत नाही. मला याचा मनापासून राग येतो. खिडकीतून फिरणाऱ्या पवनचक्क्या दिसतात आणि शेजारच्या आजी एकाच खोलीत हीटर लावून दिवस काढतात.

स्कॉटलंडच्या दुर्गम भागात किमान समाधानकारक जगण्याचा खर्च ब्रिटनच्या शहरी भागांपेक्षा 15 ते 30 टक्के जास्त येतो असं 2021च्या अभ्यासात म्हटलं आहे, आणि आमच्या वहीतला हिशेब त्याच्याशी जुळतो. भाड्यात वाचलेल्या पैशांतला निम्म्याहून जास्त भाग तेल, पेट्रोल आणि सामानाच्या वाहतुकीत गेला. एका कुरिअर कंपनीने कपाटाच्या किमतीच्या जवळपास जाईल एवढा वाहतूक खर्च लावला. आम्ही ते कपाट कर्कवॉलमध्येच कुणाचं तरी जुनं घेतलं. जुन्या वस्तूंचा बाजार इथे जोरात आहे आणि लोक वस्तू जपून वापरतात. डाळी आणि मसाले आम्ही ग्लासगोला गेलो की गाडीत भरून आणतो.

घर बघायला जाल तेव्हा ऊर्जा प्रमाणपत्राचं, म्हणजे घर ऊर्जा किती वाचवतं हे सांगणाऱ्या कागदावरचं, अक्षर बघा. ए म्हणजे उत्तम, जी म्हणजे हिवाळ्यात पैसे जाळणं. भिंतीच्या कोपऱ्याला हात लावून ओल बघा, कपाटांच्या मागे बुरशी बघा, आणि आधीच्या भाडेकरूने वर्षभरात किती तेल मागवलं ते विचारा. दाराची दिशा बघा. दार पश्चिमेला आणि आडोसा नसेल तर वाऱ्यात ते उघडणंही मेहनतीचं काम होतं. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची, नाहीतर दार उघडताच बिजागरीतून उलटं फिरतं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याने शिकवलं.

थंडी कडाक्याची नसते, बर्फही फार काळ टिकत नाही. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तापमान शून्याच्या थोडं वर राहतं. त्रास होतो वाऱ्याचा आणि अंधाराचा. डिसेंबरच्या शेवटी सूर्य नऊनंतर उगवतो आणि सव्वातीनला मावळतो. मी अंधारात कामाला जात होते आणि अंधारात परतत होते. जानेवारीत मन खरोखर खचलं. जेवणाच्या सुट्टीत पाऊस असो की वारा, वीस मिनिटं बाहेर चालायचं असं ठरवलं, त्याने फरक पडला. जूनमध्ये याच्या बरोबर उलट. रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो आणि मुलीला झोपवणं कठीण जातं.

बाहेर जायच्या वाटा बऱ्या आहेत. आमच्या होपमधूनच स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या गिल्स बेला बोट जाते, सुमारे तासाभराची. स्ट्रोमनेसहून तिथल्याच स्क्रॅबस्टरला दीड तास. बेटवासीयांना विमानाच्या मूळ भाड्यात 50 टक्के सवलत मिळते. त्यासाठी पत्त्याच्या पुराव्यासह नोंदणी करावी लागते, आल्या आल्या करून टाका. भारतात जायचं असेल तर मधे एक रात्र एडिनबरा किंवा ग्लासगोत ठेवा. धुक्यामुळे कर्कवॉलचं विमान रद्द झालं की पुढचं लांब पल्ल्याचं तिकीट बुडतं.

तब्येतीच्या बाबतीत 2019मध्ये नव्या इमारतीत आलेलं बॅल्फोर रुग्णालय चांगलं आहे, आणि हे मी आत काम करते म्हणून नाही, मुलीला रात्री ताप चढला तेव्हाच्या अनुभवावरून सांगते. पण तज्ज्ञांच्या बऱ्याच उपचारांसाठी ॲबर्डीनला जावं लागतं. कुणाला नियमित उपचार चालू असतील तर ते कुठे मिळतील हे येण्याआधी विचारा. सरकारी योजनेतला दंतवैद्य मिळवायला आम्ही अजून यादीतच आहोत.

बेटावर राहायला आलं की सरकार पैसे देतं का, असं मला भारतातून आणि लंडनमधून सारखं विचारलं जातं. नाही देत. 50 हजार पौंडांपर्यंतच्या ‘आयलंड्स बाँड’चा प्रस्ताव स्कॉटिश सरकारने 2021मध्ये मांडला होता, तो 2022मध्ये सोडून दिला. बेटांवरच्याच पुष्कळ लोकांचं म्हणणं होतं की बाहेरून माणसं आणण्यापेक्षा तो पैसा घरांवर आणि बोटींवर घाला. इथे राहिल्यावर मला ते शंभर टक्के पटतं. माझ्या विभागात एक जागा रिकामी आहे आणि निवडलेल्या उमेदवाराला घर मिळत नाही म्हणून ती रिकामीच आहे.

आम्ही राहणार आहोत. शेजार मिळाला, मुलगी एकटी सायकलवर शाळेत जाते, आणि पगारातून थोडी का होईना शिल्लक पडते, जी ग्लासगोत पडत नव्हती. पुढच्या वर्षी विकत घर घ्यायचा विचार आहे. पहिलंच घर असेल तर स्कॉटलंडमध्ये 1 लाख 75 हजार पौंडांपर्यंत खरेदीकर लागत नाही. आमच्या आवाक्यातली जुनी घरं त्याच टप्प्यात येतात, पण छप्पर आणि भिंतींच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवावी लागेल, कारण मिस्त्री इथे महिनोन्‌महिने मिळत नाही. शोध साउथ रोनाल्डसे आणि बर्रे या दोनच बेटांवर चालू आहे. कामाला जायला बोट पकडावी लागेल असं घर आम्ही बघायलाही जात नाही.