सीलबंद खोका की किलोचा पसारा? लेगोत पैसे घालण्याआधी

दोनशे पौंड बाजूला पडलेत आणि लेगोचे सेट घेऊन-विकून पाहावं असं मनात आहे, तर सुरुवात कुठून करायची? गेल्या वर्षभरात इंग्लंडमधल्या आमच्या ओळखीच्या चार-पाच मराठी घरांतून हा प्रश्न माझ्याकडे आला. रस्ते मुख्यतः दोन आहेत. पहिला असा की दुकानात सवलतीत लागलेला नवा सेट घ्यायचा, खोका न उघडता ठेवायचा आणि कंपनीने तो बनवणं थांबवल्यावर काही वर्षांनी विकायचा. दुसऱ्या रस्त्यावर लोकांच्या घरातून निघालेला वापरलेला माल किलोच्या हिशेबाने उचलायचा, धुवायचा, निवडायचा आणि त्यातून सेट जुळवून, किंवा तुकडे सुटे करून विकायचे. मी सहा वर्षं दोन्ही करते आहे. पैसे थोडे आणि संध्याकाळी मोकळ्या असतील तर सुटा माल घ्या, असं माझं मत आहे. ज्याला वेळ नाही, पण गुंतवलेल्या पैशांची चार-पाच वर्षं गरजही नाही, त्याने खोक्याकडे जावं.

खोक्यामागचा हिशेब सरळ वाटतो. एक सेट साधारण दीड-दोन वर्षं दुकानात असतो, मोठे सेट त्याहून जास्त. मग कंपनी तो बंद करते; या धंद्यातली माणसं म्हणतात, ‘सेट रिटायर झाला’. बहुतेक खोके तोवर मुलांनी उघडलेले असतात, त्यामुळे सीलबंद राहिलेल्यांचा भाव चढतो. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३२२ सेटचे भाव तपासले, तेव्हा सरासरी परतावा वर्षाला ११ टक्के निघाला. सोन्या-शेअरांच्या पंक्तीला बसणारा हा आकडा आहे आणि खोके घेणारा प्रत्येकजण तो तोंडपाठ सांगतो. त्याच अभ्यासात काही सेटचा परतावा वर्षाला उणे ५० टक्के होता आणि काहींचा ६०० टक्क्यांपर्यंत, हे मात्र सांगायचं राहून जातं. लहान आणि फार मोठे सेट मधल्या आकाराच्या सेटपेक्षा जास्त चढले, आणि चढण सुरू झाली ती सेट बंद झाल्यावर दोन-तीन वर्षांनी. तेवढी वर्षं पैसा नुसता माळ्यावर पडून राहतो.

नवख्याच्या लक्षात न येणारा धोका ताजमहालाच्या गोष्टीत आहे. २००८ साली लेगोने १०१८९ क्रमांकाचा ताजमहाल काढला. त्यात ५,९२२ तुकडे होते आणि अमेरिकेतली किंमत ३०० डॉलर. तो बंद झाला आणि सीलबंद खोका चढत चढत दोन हजार डॉलरच्या वर गेला. ज्यांच्याकडे दोन-तीन खोके होते त्यांना वाटलं, ठेवू अजून. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने तोच ताजमहाल १०२५६ या नव्या क्रमांकाने परत आणला. तुकडे ५,९२३, म्हणजे एकच जास्त, आणि किंमत ३७० डॉलर. दुकानात जाऊन कोणीही उचलावा! जुन्या खोक्याचा भाव कोसळला. त्याच वर्षी मिलेनियम फाल्कनचंही, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतल्या यानाच्या सेटचंही, असंच झालं. २००७ चा फाल्कन ५०० डॉलरचा, ५,१९७ तुकड्यांचा. बंद झाल्यावर त्याची किंमत कित्येक पटींनी वाढली होती. २०१७ मध्ये ८०० डॉलरचा, ७,५४१ तुकड्यांचा नवा आला आणि जुन्यासाठी हात मोकळा सोडणारे बरेचसे गिऱ्हाईक तिकडे वळले. हा नवा फाल्कन पुढे वर्षानुवर्षं दुकानात मिळत राहिला. ‘हा लवकरच बंद होईल’ म्हणून २०१७ सालीच घेऊन ठेवणाऱ्यांचे पैसे त्यात अडकले ते अडकलेच.

याच्या उलट, २००७ चा कॅफे कॉर्नर घ्या. रस्त्याकडेच्या इमारतींच्या मालिकेतला हा पहिला सेट तेव्हा १४० डॉलरला होता आणि आज सीलबंद मिळाला तर हजार डॉलरच्या पुढे जातो. कॅफे कॉर्नर आणि ताजमहाल यांपैकी पुढे कोणाचं काय होईल, हे घेताना कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून दोनशे पौंडांचा एकच सेट घेऊन बसू नका. पन्नासचे चार घ्या.

खोक्याच्या बाबतीत सवलतीवर मात्र सगळं ठरतं. समजा सेटची छापील किंमत १०० पौंड आहे. नाताळनंतर सुपरमार्केटं शेल्फ रिकामे करतात तेव्हा तो तुम्हाला ७० ला मिळाला. चार वर्षांनी १३० ला विकला, पाठवणीचे ८ गेले, हातात १२२ आले. वर्षाला १५ टक्के पडले. तोच सेट पूर्ण १०० देऊन घेतला असता तर तेवढ्याच विक्रीवर वर्षाला जेमतेम ५ टक्के, म्हणजे बँकेतल्या ठेवीच्या आसपास. त्यामुळे तीस टक्क्यांखालच्या सवलतीवर मी खोका घेत नाही, कितीही देखणा असो.

जागेचाही विचार हवा. दहा खोक्यांत एक कपाट भरतं. इकडच्या घरांचा माळा हिवाळ्यात ओला, उन्हाळ्यात तापलेला. पुठ्ठा फुगतो, चिकटपट्टी सुटते, आणि कोपरा दबलेल्या खोक्याला संग्राहक लगेच कमी भाव सांगतो. (माझं माहेर कोकणातलं. तिथल्या पावसाळ्यात खोका जपायचं मी मनातसुद्धा आणणार नाही.)

आता सुटा माल. इथे मला जास्त सांगायचंय, कारण यात पैशापेक्षा माहितीचं मोल आहे, आणि ती शिकता येते.

माल मिळतो तो मुख्यतः रविवारी सकाळी भरणाऱ्या कार बूट सेलमध्ये. शेतात किंवा शाळेच्या मैदानावर गाड्या उभ्या करून लोक डिकीतला घरगुती पसारा विकतात. सातला पोचलं तर चांगलं हाती लागतं, नवाला पोचलं तर दुसऱ्यांनी चाळलेलं. मोबाईलवरच्या स्थानिक जाहिरातींतही भरपूर मिळतं. ‘मुलगा कॉलेजला गेला, सगळं एकत्र न्या’ अशी जाहिरात दिसली की मी लगेच निरोप टाकते. चॅरिटी शॉपवाले, म्हणजे दानात आलेल्या वस्तू विकणारे, आता हुशार झालेत; सेटमधली लेगोची छोटी खेळण्यातली माणसं बरीचशी आधीच वेगळी काढून पिशवीत घालतात. तिथे मी फारशी रमत नाही.

किलोला दहा पौंड ही माझी वरची मर्यादा. दोन बाय चारचा नेहमीचा ठोकळा सव्वादोन ग्रॅमच्या थोडा वर भरतो, पण डब्यात बारीक तुकडे जास्त असतात, म्हणून किलोत साधारण सहाशे ते आठशे तुकडे धरावेत. घेण्याआधी डब्यात हात खुपसून तळ वर आणा. वरचा थर नेहमीच छान असतो! ठोकळ्याच्या प्रत्येक बटणावर लेगो हे नाव उठवलेलं असतं. ते नसेल तर तुकडा दुसऱ्या कंपनीचा. पहिल्या वर्षी मी घाईत एक मोठी पिशवी उचलली आणि घरी आल्यावर तिसरा हिस्सा परका निघाला. विकणाऱ्या बाईंना तो फरक माहीतही नसणार. तेव्हापासून मी दहा-बारा मुठी उजेडात बघितल्याशिवाय पैसे काढत नाही.

रंग बघायचा तोही बारकाईने. पांढरा, निळा आणि करडा ठोकळा वर्षानुवर्षं उन्हात राहिला की पिवळा पडतो. तपकिरी आणि गडद लाल रंगाचे काही वर्षांतले तुकडे इतके ठिसूळ आहेत की जोडताना हातात तडकतात. अशा सेटची किंमत मनातल्या मनात खाली आणा. करड्या रंगाची तर वेगळीच गंमत आहे. २००४ च्या सुमाराला कंपनीने करड्याची छटा बदलली, त्यात निळसर झाक आली. जुन्या सेटमध्ये नवा करडा तुकडा बसवला तर लहान मुलाला कळणार नाही, संग्राहकाला दहा फुटांवरून कळतं. जुन्या छटेचे तुकडे मी वेगळ्या डब्यात ठेवते आणि ते नेहमी चांगल्या भावात जातात.

धुणं सोपं आहे. चाळीस अंशांपेक्षा कमी तापमानाचं पाणी, थोडा साबण, आणि पंचावर पसरून वाळवणं. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. निवडताना रंगाप्रमाणे नव्हे, आकाराप्रमाणे निवडा; लाल ढिगात लाल चाक शोधण्यापेक्षा चाकांच्या ढिगात लाल शोधणं फार लवकर होतं. बऱ्याच तुकड्यांच्या आतल्या बाजूला बारीक क्रमांक असतो, तो टाकला की तुकडा कोणकोणत्या सेटमध्ये होता ते ब्रिकलिंकवर दिसतं. ही सुट्या तुकड्यांची मोठी बाजारपेठ २००० सालापासून चालू आहे आणि २०१९ मध्ये लेगोनेच ती विकत घेतली. पुस्तिका हरवली असेल तरी घाबरू नका, १९९६ पासूनच्या बहुतेक सेटच्या पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

मागच्या एका डब्याचा हिशेब देते. सहा किलो, ४५ पौंड. त्यात बावीस माणसं निघाली, ती ६० ला गेली. टेक्निक या लेगोच्या यांत्रिक मालिकेतला एक सेट जवळजवळ पूर्ण होता. नऊ तुकडे ब्रिकलिंकवरून ४ पौंडांना मागवून तो पुरा केला, ३८ ला विकला. उरलेला चार किलो साधा माल सातच्या भावाने २८ ला. एकूण १२६. त्यातून खरेदी, ते चार आणि पाठवणीचे १२ वजा केले तर ६५ पौंड सुटले, तीन आठवड्यांत. पण माझे चौदा तास गेले होते. म्हणजे तासाला पाच पौंडही नाहीत, आणि एप्रिल २०२५ मध्येच इथलं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं होतं. पगाराला जोड म्हणून कोणी याकडे बघत असेल तर त्याने शनिवारचं साधं काम धरावं, ते जास्त देईल. ज्याला हातात तुकडे घेऊन बसायला आवडतं, ज्याचा तो वेळ एरवी टीव्हीसमोर गेला असता, त्याच्यासाठीच हा रस्ता आहे. मला ते आवडतं. मुलगाही शेजारी येऊन बसतो आणि माणसांची डोकी-धडं माझ्यापेक्षा लवकर जुळवतो.

मग तरीही नवख्याला मी सुटाच माल का सुचवते? यात पैसे आठवड्यांत परत येतात, वर्षांत नव्हे. चूक झाली तर ती ४५ पौंडांची होते, आणि उरलेला माल किलोवर कधीही जातो. पूर्ण बुडीत असं काही नाही. शिवाय सहा महिने माल चिवडला की कुठल्या सेटला मागणी आहे, कुठलं माणूस दुर्मीळ आहे हे डोळ्यांत बसतं. त्यानंतर तुम्ही खोक्यांकडे वळलात तर निवड डोळस होते. मी स्वतः उलट्या क्रमाने गेले, आधी खोके घेतले, आणि त्यातले दोन अजून खरेदीच्या भावालाही जात नाहीत.

तिसरा रस्ता फक्त माणसांचा, म्हणजे मिनिफिगरचा. १९७८ पासून ही हसरी माणसं लेगोत आली. जागा लागत नाही, पाकिटातून पाठवता येतात, आणि भाव चक्रावून टाकणारे. २०१३ चा सोनेरी ‘मिस्टर गोल्ड’ जगभरात फक्त ५,००० काढला गेला. स्टार वॉर्सच्या २००३ च्या क्लाउड सिटी सेटमधला, हातापायांवर छपाई असलेला बोबा फेट (सिनेमातलं एक पात्र) हजार पौंडांच्या घरात जातो. अशा माणसांच्या नकलाही तितक्याच सफाईदार होतात, म्हणून पहिल्या वर्षात महागडं एकही माणूस सुटं विकत घेऊ नका. डब्यातून निघालं तर ते तुमचं भाग्य.

विकायचं नसून फक्त जमवायचं असेल, तर हिशेब फार सोपा. सीलबंद खोक्याचा जादा पैसा अजिबात देऊ नका. वापरलेला पण पूर्ण, पुस्तिकेसह सेट बऱ्याच कमी भावात मिळतो, आणि जोडून शेल्फवर ठेवल्यावर दोघांत फरक दिसत नाही.

विकणाऱ्या सगळ्यांनाच लागू असलेली एक गोष्ट म्हणजे कर. नफ्यासाठी घेऊन विकलं की इथलं करखातं त्याला व्यापार मानतं. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या वर्षात एकूण विक्री १,००० पौंडांच्या आत असेल तर कळवावं लागत नाही. वर गेली की नोंदणी. लक्षात घ्या, विक्री मोजतात, नफा नव्हे. पहिल्या दिवसापासून वहीत लिहा.

धाकट्या दिराने पुण्याहून विचारलं, “वहिनी, इथे बसून जमेल का?” बाहेरून खोके आणून विकणं जमणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. भारतात खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. त्यात १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र लागतं. यातून सुटून नफा राहत नाही. पण पुण्यात परदेशातून परतलेली कितीतरी कुटुंबं आहेत, मुलं मोठी झालीत आणि लेगोचे डबे पलंगाखाली पडून आहेत. त्याने बाणेरच्या आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप टाकला. दोन डबे आले, एक नऊ किलोचा. आता रविवारी व्हिडिओ कॉल लावून मी त्याला जुना करडा आणि नवा करडा ओळखायला शिकवते आहे.