पोलेंटा सहा महिने रात्रीच्या जेवणात, माझा अनुभव

पोळ्याच्या आठवड्यात ऑनलाइन अर्ध्या किलोचं पाकीट मागवलं होतं, आता होळी तोंडावर आली. मी कृषी केंद्रात दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, वजन 86 झालेलं, रात्री दोन पोळ्या अन् वरून भात पाहिजेच. घरची अंगणवाडीत आहे, तिले यायला उशीर होते म्हणून रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळं जे लिहून रायलो ते स्वतः ढवळून, स्वतः करपवून लिहून रायलो.

पोलेंटा म्हणजे मक्याचा जाडसर रवा, बाकी काही नाही. तालुक्याच्या दुकानात मागितला तर पांढरं कॉर्नफ्लोर हातात ठेवलं, ते आणू नका, तो नुसता स्टार्च आहे.

पहिल्या दिवशी उकळत्या पाण्यात वाटीभर रवा एकदम ओतला. गोळेच गोळे, अन् घट्ट व्हायला लागलं की बुडबुडे फटफट फुटतात, मनगटावर असा चटका बसला की सराटा फेकूनच दिला. आता रवा थंड पाण्यातच कालवतो, 1 वाटीला साडेचार वाट्या पाणी, मीठ, हळद, डबा कुकरमध्ये, पाच शिट्ट्या. उघडल्यावर एकदा घोटायचं, झालं.

आता कॅलरीचं. लो-कॅलरी म्हणतात ते अर्धंच खरं हाय. कोरड्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे ज्वारी-तांदळाच्याच पंगतीतला. फरक पडते तो पाण्यानं, माणशी 40 ग्रॅम घेतला तरी फुगून प्लेट भरते अन् दीडशेच्या आतच राहते. इटलीत यात बटर अन् चीज घालतात, तसं केलं तर मग पोळीच खा ना बापा. एक मोठा चमचा तेलच सव्वाशे कॅलरीचं, मी पूर्ण जेवणाला तेवढंच वापरतो.

मऊ खिमट मले तिसऱ्या दिवशीच नकोसं झालं. जमलं ते पाटोडीनं. उरलेला पोलेंटा ताटात थापून ठेवला होता, सकाळी बघतो तर बेसनाच्या पाटोडीसारखा घट्ट. वड्या पाडल्या, तव्यावर थेंबभर तेलात शेकल्या अन् पातळ झणझणीत रस्सा, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. रस्सा वड्यांवर ताटातच वाढा, गंजात सोडल्या तर विरघळतात, एकदा सगळं पिठलं झालं होतं. पोट्टे हे मागून खातात, मऊवालं शिवतही नाहीत.

एक गोष्ट मात्र सांभाळा, नुसत्या मक्यावर राहू नका. उत्तर इटलीत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गरीब लोक पोलेंटावरच जगायचे, त्यांना पेलाग्रा नावाचा रोग व्हायचा, कारण मक्यातलं नायसिन (ब-3 जीवनसत्त्व) शरीराला नीट मिळत नाही. मी सोबत वाटीभर तुरीचं वरण घेतो, नाहीतर मूठभर फल्लीदाणे, दाण्यात नायसिन भरपूर असते. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांसोबत तर लय भारी लागलं.

पाकीट महाग पडते, म्हणून दुसऱ्या महिन्यापासून बाजारातला पिवळा मका निवडून चक्कीवर नेला. चक्कीवाला म्हणे, ढोरासाठी का? जाडसर काढ म्हणून तीनदा सांगितलं तरी पहिल्या वेळी निम्मं पीठच आलं, ते चाळून भाकरीत घातलं. चक्कीचा रवा तासभर भिजवावा लागते अन् दोन शिट्ट्या जास्त, पण चव पाकिटापेक्षा चांगली. फक्त एका वेळी किलोभरच दळा, मक्याच्या अंकुरात तेल असते, आपल्याकडच्या उन्हात महिन्याभरात खवट वास मारते.

वजन 81 वर आलं, पण सकाळी वावरापर्यंत चालणंही त्याच काळात सुरू केलं, त्यामुळं सगळं श्रेय रव्याला देत नाही. मोठ्या भावाला शुगर आहे, त्यानं वाटीभर मऊ पोलेंटा खाऊन दोन तासांनी मशीनवर बघितलं तर भाताएवढीच वाढलेली. तो परत ज्वारीच्या भाकरीवर गेला. मी आठवड्यात तीन रात्री खातो, अन् त्यातल्या दोन पाटोडीच्या.