भुवयांचं केसरोपण: पुण्यातल्या क्लिनिकचा अनुभव, मायक्रोस्कोपच्या टेबलासकट

भुवयांवर केसरोपण करून घेतलं त्याला आता वर्ष होत आलं. केस आले, टिकले आणि अनोळखी माणसाला काही कळत नाही. मी क्लिनिकला पाचपैकी साडेचार देते. पण हे मार्क कशाचे ते सविस्तर लिहायला हवं. मी निर्णय घेण्याआधी जे जे वाचलं त्यात डॉक्टरांच्या पदव्या, आधीचे-नंतरचे फोटो आणि दर एवढंच होतं. ग्राफ्ट, म्हणजे लावायचे मुळासकट केस, कोण तयार करतं आणि कसं, यावर कुणी चार ओळीही लिहिल्या नव्हत्या. भुवईच्या बाबतीत निम्मं यश तर तिथेच ठरतं.

मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लहानपणी उंबऱ्यावर पडून डावी भुवई फाटली, टाके पडले आणि बाहेरच्या निम्म्या बाजूला केस परत आलेच नाहीत. उजवी वर्षानुवर्षं थ्रेडिंग करून विरळ झाली. मिरजेत कुष्ठरोगाचं जुनं रुग्णालय आहे, त्यामुळे इथली म्हातारी माणसं भुवई गेलेल्या चेहऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. भुवया गळणं हे त्या आजाराचं एक लक्षण आहे, आणि तपासणीसाठी स्किन स्मिअर (काचेवर पसरलेला त्वचेचा नमुना) घेतात तोही कानाच्या पाळीचा आणि भुवईचा. माझ्या नोकरीची पहिली वर्षं असे स्मिअर रंगवून काचेवर बघण्यात गेली. भुवईला नुसता नट्टापट्टा म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच कधी सहमत होऊ शकत नाही.

आधी एका ठिकाणी फोटो पाठवून चौकशी केली. त्यांनी मला न बघताच 500 ग्राफ्ट सांगितले आणि आठवड्याच्या आत पैसे भरले तर सवलत देतो म्हणाले. एकेका केसाचे ग्राफ्ट वापरता का, असं विचारलं तर ‘सगळे सारखेच असतात मॅडम’ हे उत्तर. तिथे पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

पुण्यातल्या या क्लिनिकमध्ये डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी पैशांचा विषयच काढला नाही. डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) लावून दोन्ही भुवया, मग कपाळावरची केसांची रेषा आणि मानेवरचे केस बघितले. टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून आणायला सांगितलं, कारण थायरॉइड कमी पडलं की भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होतो आणि तिथे औषधाची गरज असते, शस्त्रक्रियेची नव्हे. चाई किंवा लायकेन प्लॅनस या त्वचारोगाच्या जातीचा आजार चालू असेल तर लावलेले केसही जातात, म्हणून आधी तो थांबल्याची खात्री लागते. माझ्या व्रणाबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं की तिथे रक्तपुरवठा कमी असतो, काही केस धरणार नाहीत, कदाचित पुन्हा भर घालावी लागेल. ‘घरी जा, विचार करा’ म्हणाले. मला हेच आवडलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. डोक्यावरचा केस साधारण दोन ते सात वर्षं वाढत राहतो, भुवईचा काही महिन्यांतच थांबतो. डोक्याचा केस भुवईत लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1959 मध्ये हेच मांडलं होतं, आणि सगळं केसरोपण त्यावर उभं आहे. भुवईपुरता त्याचा अर्थ असा की हे केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढणार आणि ते जन्मभर कापावे लागणार. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये.

आमच्या अक्कांना हे सगळं नवं फॅड वाटलं. खरं तर जपानमध्ये शोजी ओकुदा या डॉक्टरांनी 1939 मध्येच पंच नावाच्या गोल धारदार हत्याराने केसांसकट कातडीचे बारीक तुकडे काढून ते डोक्यावर आणि भुवईवर लावल्याचं प्रसिद्ध केलं होतं. तामुरा यांनी 1943 मध्ये त्याहून बारीक, एक ते तीन केसांचे ग्राफ्ट वापरले. मायक्रोस्कोपखाली ग्राफ्ट कापायची पद्धत मात्र बरीच उशिरा, 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बॉबी लिमर यांनी रुळवली.

आता मुख्य गोष्ट. डोक्यावरचे केस त्वचेतून एकेकटे उगवत नाहीत. एक, दोन, तीन, कधी चार असे जुडग्याने येतात. डोक्यावर लावताना दोन-तीनचं जुडगं फायद्याचं, दाट दिसतं. भुवईत तेच जुडगं ब्रशच्या झुपक्यासारखं उभं राहतं आणि लांबूनही ओळखू येतं. म्हणून कानामागून आणि मानेच्या खालच्या भागातून, जिथे केस बारीक असतात तिथून, शक्य तितके एकटे केस निवडून काढतात. तरीही ते पुरत नाहीत. उरलेल्या जोड्या हाताने सोडवाव्या लागतात.

पालथं झोपवून केस काढून झाल्यावर मधे जेवायची सुट्टी होती. मी लॅबमध्ये आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी मला टेबलाशी बसू दिलं. दोन मुली स्टिरिओ मायक्रोस्कोपला डोळे लावून होत्या. बर्फाच्या ट्रेवर पेट्री डिश, सलाईनने भिजवलेलं गॉज आणि त्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडलेले ग्राफ्ट. ग्राफ्ट सुकला की मेलाच, त्यामुळे एकीचा हात दर थोड्या वेळाने सलाईनकडे जात होता. जोडी सोडवताना फोर्सेप (बारीक चिमटा) मुळाच्या कंदाला लागू द्यायचा नाही, खालच्या चरबीला किंवा बाजूच्या पेशींना धरायचं. खालून प्रकाश असतो, दोन मुळांमधली फट दिसते, तिथून ब्लेड एकदाच फिरवायचं. मुळं तळाशी फाकलेली असतात, त्यामुळे वरून सरळ वाटलेला काप खाली जाऊन एका कंदाला कापू शकतो. कंद कापला गेला की तो केस बाद. मग वरचा त्वचेचा कण छाटायचा, कारण तो आत दबला तर पुळी येते. कडेची चरबी कमी करायची, पण केसाभोवती पातळ आवरण ठेवायचं. फार सोललं तर केस उघडा पडतो आणि वाचत नाही. जाड ठेवलं तर भुवईच्या छोट्या छेदात बसत नाही आणि जागी उंचवटा राहतो.

मी रोज पॅराफिनचे (मेणात बसवलेल्या नमुन्यांचे) ब्लॉक छाटते, मायक्रोटोम या यंत्रावर त्यांचे पातळ काप घेते. चांगला हात बघितला की मला ओळखू येतो. त्या दोघींतल्या एकीचा हात फार चांगला होता. किती वाया जातात विचारलं तर तिने मान वर न करता सांगितलं, ‘शंभरात चार-पाच जातात ताई, जोडी सोडवताना.’ बाद झालेले तिने वेगळ्या गॉजवर ठेवले होते आणि मोजणीत धरले नव्हते. माझ्या बिलात डावीकडचे 210 आणि उजवीकडचे 140 लिहिलेत, ते सगळे धड ग्राफ्ट आहेत. जाड केस तिने आणखी एका ओळीत बाजूला काढले होते, ते भुवईच्या मधल्या भागासाठी. नाकाकडच्या टोकाला आणि शेपटाला बारीकच.

पुढचं काम डॉक्टरांनी स्वतः केलं. भूल देताना टोचतं, डोळ्यातून पाणी येतं, हे खरं. छेद त्वचेला जवळजवळ समांतर, 10 ते 15 अंशांत घ्यावे लागतात. नाकाजवळ केसांचा रोख वर, मग हळूहळू बाहेर. वरच्या ओळी खाली झुकतात, खालच्या वर चढतात, मधे त्या एकमेकींना भेटतात आणि शेपूट कानाकडे जातं. आणि प्रत्येक केसाला स्वतःचा किंचित बाक असतो, तो त्वचेकडे वळलेला हवा. ग्राफ्ट देणारी मुलगी फोर्सेपमध्ये तो फिरवूनच पुढे करत होती. एकच केस असेल तर हे जमतं. जोडीत दोघांचे बाक दोन दिशांना. या बाकासाठीच त्यांनी केस अगदी मुळाशी भादरले नव्हते, थोडी लांबी ठेवली होती.

नंतरचं थोडक्यात. पापण्या दोन-तीन दिवस सुजल्या, खपल्या आठवड्यात पडल्या, महिन्याभरात लावलेले बहुतेक केस गळले. हे अपेक्षितच असतं, तरी आरशात बघून घाबरायला होतं. चौथ्या महिन्यापासून नवे दिसू लागले, आत्ता कुठे दाटी आली आहे. उजवी भुवई उत्तम. डावीत व्रणावर अजून विरळ जागा आहे. दर आठवड्याला कात्री आणि थोडं जेल लागतं. खर्च दोन्ही मिळून 80,000 रुपये.

अर्धा मार्क का कापला ते सांगते. घरी घ्यायच्या काळजीचा कागद फक्त इंग्रजीत दिला. तोंडी सगळं मराठीत समजावतात, पण रात्री नऊ वाजता खपलीतून रक्त दिसलं की माणूस कागदच काढून बघतो. खेड्यातून येणाऱ्या बाईने काय करायचं? तो कागद मराठीत छापायलाच हवा. सोबतच्या माणसाला दिवसभर बसायला नीट जागाही नाही. माझे यजमान जिन्यात उभे होते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये केसरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कार्यशाळेत बसून किंवा व्हिडिओ बघून हे काम शिकता येत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा डॉक्टरांचं शिक्षण विचाराच. पण तिथेच थांबू नका. ग्राफ्ट मायक्रोस्कोपखाली सोडवता का, टेबलावर कोण बसतं, ती माणसं क्लिनिकची कायमची आहेत की त्या दिवसापुरती बोलावलेली, बाद ग्राफ्ट मोजणीत धरता का, हे विचारा. टेबल दाखवा म्हणा. चांगल्या जागी या प्रश्नांचा राग येत नाही, उलट खुर्ची पुढे करतात.

व्रणावर थोडी भर घालून घ्यायचं माझ्या मनात आहे. तसं ठरलं तर त्याच मुलीला टेबलावर बसवा, असं मी डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवलंय आणि ते हो म्हणालेत.