२०१०ची युनिकॉर्न : घेताना काय तपासलं आणि पावसाळ्यानंतर त्यातलं काय खरं ठरलं

२०१०ची होंडा युनिकॉर्न मोटरसायकल, एमएच-१२ पासिंग, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. २०२४च्या दिवाळीनंतर गाडी घरी आली. तेव्हापासून कात्रज ते हडपसर रोजची धाव आणि अधूनमधून खंबाटकी चढून साताऱ्याला माहेरी. एक अख्खा पावसाळा तिच्यावर काढला. इंजिनला अजून हात लावावा लागलेला नाही. कोनसेट (हॅन्डलच्या मानेतल्या बेअरिंगचा संच), चेन-स्प्रॉकेट, दोन्ही टायर आणि टाकीची सफाई एवढा खर्च झाला. त्यातला टाकीचा सोडून बाकी सगळा व्यवहार ठरण्याआधीच वहीत लिहिलेला होता, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

युनिकॉर्नच का, तर २००४पासून २०२०पर्यंत हेच १४९.१ सीसीचं, पाच गिअरचं, कार्बोरेटरचं इंजिन चाललं. २०२०ला बीएस-६ या प्रदूषणाच्या नव्या निकषांत १६२.७ सीसी आलं. इतकी वर्षं एकच इंजिन रस्त्यावर असलं की पार्ट कुठेही मिळतो आणि आवाज ऐकून दोष सांगणारा मेस्त्री प्रत्येक पेठेत सापडतो. पंधरा वर्षं जुनी गाडी घेताना मला हे दिसण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पाहायला जाण्याआधी मी गाडीचा नंबर मागून घ्यायचे. परिवहनच्या साइटवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बोजा आहे का, एवढं घरबसल्या कळतं. ‘फर्स्ट ओनर’ म्हणून जाहिरात केलेली एक गाडी तिथे तिसऱ्या मालकाच्या नावावर निघाली. तिथेच विषय संपला. दुसऱ्या एका गाडीवर जुन्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज फिटलं असेल, पण फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवल्याशिवाय नाव बदलत नाही, आणि ते काम विकणाऱ्याचं आहे. दंडाच्या पावत्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन साइटवर दिसतात. त्यासाठी चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. जो विकणारा ते द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडे मी गेलेच नाही.

आपल्याकडे नावबदलाच्या सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्म २९-३०वर गाड्या हातोहात फिरतात. घेणारा नाव लावत नाही, तसाच पुढे विकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी. त्यामुळे आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) माणूस समोर बसून सही करत असेल तरच पुढे जायचं, हा माझा नियम होता आणि आजही तो कुणी मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यक्ष गाडीपाशी पहिलं काम चेसिस नंबरचं. हॅन्डल वळवलं की मानेच्या नळीवर कोरलेला दिसतो. आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहिलं. होंडाच्या इथे बनलेल्या गाडीचा नंबर ‘एमई४’ने सुरू होतो. नंबरभोवतीचा रंग बाकी फ्रेमपेक्षा ताजा असेल, घासल्याच्या रेघा असतील किंवा अक्षरं एका ओळीत नसतील, तर किंमत कितीही कमी असो, परत फिरायचं. इंजिन नंबरही तसाच वाचला. तो चिखलाच्या थराखाली होता, फडकं मी बरोबरच नेलं होतं.

मीटरवर एकतीस हजार होते. माझ्यासोबत आलेले मेस्त्री म्हणाले, “ताई, मीटर नका बघू, पायाखालचं रबर बघा.” फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, मागच्या ब्रेकच्या पेडलची नक्षी पुसलेली, ग्रिप झिजलेल्या, सीटचं फोम एका बाजूला बसलेलं. एकतीस हजारांत असं होत नाही. समोरच्या डिस्कला कडेला बोटाला लागेल असा उंचवटा झाला होता. डिस्क किमान किती जाड हवी ते तिच्यावरच कोरलेलं असतं, आणि ही त्या मापाच्या थोडीच वर होती. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक होती, पण कडेला बारीक चिरा पडलेल्या. विकणाऱ्याने जपून ठेवलेल्या सर्व्हिसच्या बिलांत २०१७लाच एकोणतीस हजारांची नोंद होती, आणि त्यानंतरही गाडी रोज कामावर जात होती. मीटर कधीतरी बंद पडलेला होता, हे त्याने विचारल्यावर सरळ सांगितलं. अशी जुनी बिलं कुणाकडे असतील तर ती किल्लीइतकीच महत्त्वाची समजा.

इंजिन थंड असताना ऐकायचं. म्हणून जाण्याआधी फोन करून ‘चालू करू नका’ सांगितलं होतं, आणि पोचल्यावर पहिला हात सायलेन्सरला लावला. थंडगार होता. चोक ओढून किकवर सुरू झाली. सुरुवातीची पांढरट वाफ थंडीच्या सकाळी चालते. निळा धूर मात्र वेगळाच. रेस देताना निळा आला तर रिंग-पिस्टन, रेस सोडून पुन्हा देताना आला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, तो कार्बोरेटर किंवा एअर फिल्टरने सुटतो. आमच्या गाडीला धूर नव्हता. टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची) किटकिट होती, आणि ती मला शांततेपेक्षा बरी वाटली. किटकिट सेटिंगने जाते, आणि अगदीच आवाज नसेल तर टॅपेट घट्ट केलेले असू शकतात. टायमिंग चेनचा आवाज वेगळा असतो, रेस सोडताना खरखर होते. तो नव्हता.

मग पीयूसी. सर्टिफिकेट होतंच, तरी मी ती जवळच्या सेंटरवर नव्याने करून घेतली आणि कागदावरचे आकडे वाचले. २०००नंतरच्या बीएस-४पूर्व फोर-स्ट्रोक दुचाकीला सीओची (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा ३.५ टक्के आणि एचसीची (न जळालेलं इंधन) ४५०० पीपीएम. ‘पास’ शिक्क्यापेक्षा आकडा मर्यादेच्या किती खाली आहे ते पाहायचं. एचसी मर्यादेजवळ असेल तर पेट्रोल नीट जळत नाही किंवा ऑइल जळतंय. इतकी स्वस्त इंजिन तपासणी दुसरी नाही, आणि ती कुणीच करत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

पडलेली गाडी ओळखायला मेस्त्रींनी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचललं. हॅन्डल हळूहळू फिरवताना मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकत होतं. कोनसेट गेलेला. हॅन्डलच्या दोन्ही टोकांच्या स्टॉपवर ठोका नव्हता, म्हणजे जोरात आपटलेली नव्हती. मागचं चाक आडवं हलवून स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश पाहिले, घट्ट होते. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून ओढली तर अर्धा दात दिसला, म्हणजे चेन ताणलेली. शेवटी कात्रजच्या चढावर चौथ्यात पूर्ण रेस दिली. क्लच घसरत असता तर इंजिनचा आवाज वाढला असता आणि वेग तिथेच राहिला असता. तसं झालं नाही. हा सगळा हिशेब मांडून किंमत ठरली.

आता वापराचं. कोनसेट बदलल्यावर हायवेवरचं डुलणं गेलं. ॲव्हरेज शहरात पन्नासच्या आसपास, घाटात कमी. दोन सर्व्हिसिंगच्या मधे १०डब्ल्यू-३० ऑइलची पातळी फारशी उतरत नाही, म्हणजे निळा धूर नसण्याचा पुरावा पावसाळ्यानंतरही टिकून आहे.

जे तपासणीत दिसलं नाही ते पावसात वर आलं. जुलैत गाडी सकाळी अडखळायला लागली. कार्बोरेटर उघडला तर वाटीत तांबूस गाळ. टाकी आतून गंजलेली होती. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि अर्धी रिकामी टाकी ओल्या हवेत उभी राहिली की गंज सुटतो. टाकी उतरवून आतून साफ केली, कार्बोरेटरचे रबरी ओ-रिंग नवे टाकले, पेट्रोलच्या नळीवर फिल्टर लावला. मी आता टाकी भरलेली ठेवते. घेताना टाकीत टॉर्च मारून पाहा, काठापर्यंत भरून दिली असेल तर थोडं पेट्रोल काढायला लावा.

दुसरा खर्च कागदाचा. नोंदणीची पंधरा वर्षं २०२५मध्ये भरली. नूतनीकरणाला फॉर्म २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, वर पर्यावरण कर. दुचाकीची फी २०२२पासून १००० रुपये आहे, आधी ३०० होती. उशीर केला तर दर महिन्याला ३०० रुपये जादा, म्हणून मुदत संपण्याआधीच अर्ज केला. त्याआधी एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटी बसवून घेतली. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे. नूतनीकरण पाच वर्षांचं झालं. तपासणीत ब्रेक लाइटचा स्विच चालेना म्हणून परत पाठवलं, बदलून दुसऱ्या दिवशी पास झाली. पंधराव्या वर्षाच्या उंबऱ्यावरची गाडी घेणार असाल तर हे पैसे किमतीतून आधीच वजा करा, विकणारा ते काढून सांगणार नाही.

पुढच्या शॉकअपच्या डाव्या नळीवर हल्ली ऑइलचा ओला पट्टा दिसतो. सील दोन्हीकडचे एकदमच टाकणार आहे, तेव्हाच डिस्कही मोजून बदलेन.