नागपूरच्या महाल भागातलं पेटीदुरुस्तीचं दुकान: चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्यांनी जरूर जावं

आमच्या चर्चच्या मंडळीची पेटी जुनी, कलकत्त्याची, खर्ज-नर-मादी अशी तीन सुरांची, म्हणजे एका पट्टीला तीन पितळी जिभांची. तरुण मुलं गाण्यांच्या साथीला कीबोर्ड घेतात. पेटी वाजते ती गाणं नसताना. उपासनेआधी लोक येऊन बसत असतात तेव्हा, अर्पण गोळा होताना, आणि सगळ्यात जास्त वेळ प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला रांग पुढे सरकत असते आणि कोणी काही बोलत नाही तेव्हा. त्या वेळी मी वाजवते ती माझी प्रार्थना असते. हे आधीच सांगते, कारण या दुकानाचं काम मी त्याच कसाला लावून पाहिलं.

भजनाच्या पेटीला आवाज लागतो, ढोलकी-झांजांत ती टिकली पाहिजे. आमच्या कामाच्या पेटीचा सूर अगदी कमी हवेवर बोलायला हवा. नागपूरच्या हवेत नेमकं तेच बिघडतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की लाकूड वाळून सांधे उघडतात, भात्याचं चामडं कडक होतं. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. आमच्या पेटीची हवा इतकी गळत होती की प्रभुभोजनाच्या शांततेत सुरापेक्षा फुसफूसच जास्त ऐकू यायची. आधी दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती. तिथून ती वरून पॉलिश आणि आतून चिकटपट्टी लावून परत आली.

महालातल्या कारागिरांनी पेटी उघडायच्या आधी विचारलं, "बाई, हे पेटी कुठं वाजते जी? भजनात का?" मी सांगितलं, चर्चमध्ये, नुसतीच, अगदी हळू. "मंग बसा अन् तशीच वाजवून दाखवा." बाहेर गाड्यांचे हॉर्न चालू होते. ते माझ्या बोटांकडे न बघता पेटीच्या कुशीला कान लावून बसले. खर्जाचा पंचम उशिरा बोलतो हे मी सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं.

मग पितळी सूर एकेक करून पाहिले. सुराची जीभ आणि तिची चौकट यांच्यात बारीक फट असते. फट मोठी असेल तर सूर बोलायला जास्त हवा मागतो, फारच कमी केली तर जोराच्या हवेने गुदमरतो. पातळ पात्याने जीभ केसभर दाबायची, वाजवून बघायचं, पुन्हा दाबायची, असं काम चाललं होतं. स्वर जुळवताना जिभेचं टोक घासलं की तो चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. आमची पेटी चढी होती, ती त्यांनी कीबोर्डच्या सुराला, म्हणजे ४४० हर्ट्झला, आणून दिली. आतल्या भात्याचं चामडं नवं घातलं. "आता जोरात हाणली तं सूर गुदमरन, पण हळू वाजवाल तं लगेच बोलते," असं त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं. मला तेच हवं होतं.

शब्द नाहीत तर प्रार्थना कसली, असं मंडळीतली वडीलधारी माणसं विचारतात. मी त्यांना बायबलमधलं २ राजे ३:१५ वाचायला सांगते. तीन राजे अलीशा संदेष्ट्याकडे आले तेव्हा त्याने आधी वादक मागितला, आणि वादक वाजवू लागला तेव्हा परमेश्वराचा हात त्याच्यावर आला. तिथे गाण्याचा उल्लेखही नाही. नागपुरात ही शंका जुनी असणार. १८४५ मध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, आणि त्या चर्चमध्ये तेव्हा स्तोत्रं वाद्याविना गात. उलट कॅथलिक चर्चच्या १९६७ च्या संगीतविषयक सूचनांत मिस्सापूर्वी (मिस्सा म्हणजे त्यांची उपासना), अर्पणाला, ख्रिस्तप्रसादाच्या म्हणजे प्रभुभोजनाच्या वेळी आणि शेवटी नुसतं वाद्य वाजवायला जागा ठेवली आहे. माझं मत विचाराल तर ओळखीच्या गाण्याची चाल त्या वेळी वाजवू नये. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन वाजलं की सगळे मनात ओळी म्हणू लागतात. तेही चांगलंच आहे, पण ते गाणं झालं.

मी काय करते ते सांगते. त्या रविवारी ज्या आजाऱ्यांची नावं पाळकसाहेबांनी वाचलेली असतात, त्यातलं एकेक मनात घ्यायचं आणि एकेक सूर धरायचा. उजवं बोट पट्टीवर, डावा हात भात्यावर, आणि भाता एकदा दाबून हवा पुरेल तोवर तोच माणूस देवापुढे ठेवायचा. नवा भाता दाबला की पुढचं नाव. हवा गळत होती तेव्हा नाव मनात नीट यायच्या आतच सूर तुटायचा, मग घाईने भाता हलवावा लागे आणि सगळं लक्ष हाताकडे जाई. आता षड्ज शांतपणे लांब चालतो, शेवटी एकदम न तुटता विरत जातो. हॉस्पिटलमध्ये असलेल्या आमच्या एका आजीबाईंसाठी मी परवा असाच मध्यम धरला होता. घाई नव्हती, भात्याची आठवणही नव्हती. दुरुस्ती किती चांगली झाली ते मला तिथे कळलं.

तक्रार एकच, वेळेची. सांगितलेल्या दिवशी पेटी मिळाली नाही, आणि फोनही उचलत नाहीत. नाताळ किंवा ईस्टर तोंडावर असताना देऊ नका. खर्च साडेचार हजार आला, चामड्यासकट, आणि मला तो रास्त वाटला. मोठ्या भजनी कार्यक्रमासाठी पेटी हवी असेल तर तसं आधी सांगा, फट त्या हिशेबाने ठेवतील. पेटी नुसती ऑटोत घालून पाठवू नका, जो वाजवतो त्यानेच सोबत जावं. त्याचा हात ऐकल्याशिवाय ते स्क्रूला हात लावत नाहीत.