ड्यूररचा गेंडा: एक विकत घेतलेली प्रत, एक छापून घेतलेली

फोंड्याजवळच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. वर्गाच्या भिंतीसाठी एक चित्र हवं होतं आणि दुसरं कुठलं चाललं नसतं. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररचा गेंडा, 1515 सालचा. जगातल्या प्राण्यांच्या चित्रांमध्ये इतक्यांदा नक्कल झालेलं चित्र क्वचितच सापडेल. त्यातला गेंडा जर्मनीत कधी पोचलाच नाही, पण आमच्या गोव्यातून मात्र गेला. इथल्या मुलांना हे ठाऊक नसावं याची मला फार दिवस रुखरुख होती.

पहिली प्रत मी ऑनलाइन मागवली. किंमत 649 रुपये, कॅनव्हासवर छापलेली, अठरा बाय चोवीस इंच. कुठल्या संकेतस्थळावरून ते सांगत नाही, अशा प्रती पुष्कळ ठिकाणी मिळतात आणि बहुतेक सारख्याच असतात. पाच दिवसांत आली, गुंडाळी नीट होती, नळकांड्याला चेपसुद्धा गेली नव्हती. पोच चांगली, वस्तू वाईट.

पहिली चूक लांबूनच दिसते. चित्राच्या माथ्यावर जर्मन मजकुराच्या पाच ओळी असतात, त्या कापून टाकल्या होत्या. चित्र जुनं वाटावं म्हणून मागे चहाच्या डागासारखा पिवळट रंग भरला होता. मूळ चौकट चोवीस इंचांत बसेना, म्हणून गेंड्याला आडवं ताणलं होतं, त्यामुळे त्याचं पोट डब्यासारखं चपटं दिसत होतं. आणि कॅनव्हास! कॅनव्हासला विणीचा खरखरीतपणा असतो. तैलचित्राची प्रत त्यावर शोभते. पण हे चित्र म्हणजे लाकडी ठशाचा छापा. लाकडात रेघा उठवायच्या, त्यांवर शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचा. सगळा जीव रेघेच्या काठात. कॅनव्हासवर तो काठच विरघळला होता. पायावरचे खवले म्हणजे नुसती करडी धूळ. परत पाठवायला गेले तर ‘रंगात थोडा फरक असू शकतो’ हे ठरीव उत्तर आलं. रंगाची तक्रार मी केलीच नव्हती.

ती प्रत आता कपाटामागे आहे. भिंतीवर लावली नाही, कारण मुलांनी तीच खरी समजली असती.

दुसऱ्या वेळी मी उलट्या बाजूने सुरुवात केली. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे या छाप्याची एक मूळ प्रत आहे आणि तिथल्या संकेतस्थळावरून तिची मोठी फाइल कुणालाही फुकट उतरवून घेता येते. ती पेनड्राइव्हवर घेऊन मी पणजीतल्या एका लहान छपाईवाल्याकडे गेले. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या हा त्याचा मुख्य धंदा. त्याला तीनच गोष्टी सांगितल्या: मूळ आकारात, जाड सुती कागदावर, आणि काहीही कापायचं नाही. तो म्हणाला, “टीचर, एवढं लहान? ए-फोरच होईल.” हो, ए-फोरच. मूळ चित्रच साधारण तेवढं आहे. राजवाड्यात टांगायला ते केलेलं नव्हतं. सुटा कागद म्हणून विकलं जायचं, माणसं हातात धरून वर काय लिहिलंय ते वाचायची, शेजाऱ्याला दाखवायची. ड्यूररच्या हयातीतच त्याच्या हजारो प्रती खपल्या.

छपाईचे 380 रुपये, माउंट आणि फ्रेमचे 1,150. दोन दिवसांत काम झालं. पहिला छापा थोडा निळसर आला होता, तो त्याने न सांगता बाजूला टाकला आणि दुसरा काढला. अशा माणसाकडे परत जावंसं वाटतं.

आता प्रत कशी आहे ते सांगते. पेपर कटिंगच्या वर्गात वापरतो ते भिंग घेऊन मी तिच्यापुढे बसले. गेंड्याचं तोंड उजवीकडे. त्याच्या डोक्याच्या वर 1515 हा आकडा, खाली ‘ऱ्हिनोसेरस’ हा शब्द आणि त्याखाली ए-च्या कमानीत डी बसवलेली ड्यूररची मुद्रा. अंगावर चामडं नाहीच, पत्रे आहेत: मानेला गळपट्टा, खांद्यावर एक ढाल, पोटावर बरगड्यांच्या रेघा उमटलेला मोठा पत्रा, मागे आणखी एक. जोडांच्या कडेने रिबिटांसारखे ठिपके. न्यूरेंबर्ग हे चिलखतं घडवणाऱ्या कारागिरांचं गाव, ड्यूरर तिथलाच, आणि ते गाव या जनावराच्या अंगावर चढलेलं दिसतं. पायांवर सरड्यासारखे खवले. हनुवटीखाली मोजता येतील इतके बारीक केस. आणि मानेच्या मागे, पाठ सुरू होते तिथे, पिळाचं एक छोटं शिंग, जे कुठल्याही गेंड्याला नसतं.

चौकटीत जागा अजिबात नाही. नाकावरचं शिंग उजव्या रेघेपर्यंत आलंय, मागची बाजू डाव्या रेघेला टेकल्यासारखी. पेटीत घातलेलं जनावर वाटतं. ताणलेल्या कॅनव्हासवर हे जाणवलंच नव्हतं.

ड्यूररने गेंडा पाहिला नव्हता. लिस्बनहून न्यूरेंबर्गला एक पत्र आलं, सोबत कुणीतरी काढलेलं एक रेखाटन आलं, तेवढ्यावरून त्याने हे उभं केलं. माथ्यावरच्या पाच ओळी म्हणजे त्या ऐकीव माहितीचा गोषवारा. भारतातून पोर्तुगालच्या राजाकडे असा प्राणी जिवंत आणला, त्याचा रंग ठिपक्यांच्या कासवासारखा, अंगावर जाड कवचं, उंची हत्तीएवढी पण पाय आखूड, हत्तीचा हाडवैरी, हत्तीच्या पुढच्या पायांत डोकं घालून त्याचं पोट फाडतो, चपळ आहे, धूर्त आहे. साल मात्र 1513 छापलंय. तेही चूक, गेंडा लिस्बनला उतरला 20 मे 1515 रोजी. म्हणून त्या ओळी कापलेली प्रत मला फसवणूक वाटते. ‘मी पाहिलं नाही, मला असं सांगितलं’ हे चित्र स्वतःच कबूल करतं. ती कबुली काढून टाकली की उरतो एक शोभेचा प्राणी.

मुलांना मी उलटीकडून गोष्ट सांगितली, गोव्याकडून. 1510 मध्ये पोर्तुगीजांचा इथला गव्हर्नर आल्बुकर्क याने गोवा घेतलं. दीव इथे किल्ला बांधायला परवानगी हवी म्हणून 1514 च्या सुरुवातीला त्याने गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडे वकील पाठवले. परवानगी मिळाली नाही, भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली, आणि त्यात एक जिवंत गेंडा आला. आल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा मानुएल याला नजर करायचं ठरवलं. जानेवारी 1515 मध्ये ‘नोसा सेन्योरा दा आजुदा’ या गलबतावर चढवून त्याला गोव्याहून रवाना केलं. सोबत ओसेम नावाचा त्याचा राखण्या होता. मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर्स अशी वाट, चार महिने पाण्यावर. पोर्तुगीज त्याला ‘गांडा’ म्हणत, म्हणजे आपलाच गेंडा, गुजरातहून उचललेला शब्द. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता.

लिस्बनमध्ये 3 जून रोजी त्याला एका हत्तीसमोर उभं केलं, कारण ग्रीक-रोमन ग्रंथांत दोघांचं वैर लिहिलेलं होतं. हत्ती पळाला. गेंड्याने काही करायची वेळच आली नाही. मग राजाने तो पोप दहावा लिओ याला भेट द्यायचं ठरवलं. गळ्यात हिरव्या मखमलीचा पट्टा बांधून डिसेंबरात पुन्हा जहाजावर चढवलं. 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ, पोर्तो व्हेनेरेच्या आसपास, वादळात जहाज बुडालं. गेंडा चांगला पोहतो. हा डेकवर साखळीने बांधलेला होता.

वर्गात कुणी बोललं नाही. मग एका मुलीने विचारलं, “आणि ओसेम?” त्याचं पुढे काय झालं हे मला सांगता आलं नाही. फळ्यावर गेंड्याच्या नावाशेजारी मी त्याचंही नाव लिहिलं आणि तास संपला तरी पुसलं नाही.

ही प्रत पैसे वसूल करते ती अशी. फ्रेम भिंतीवर तीन फुटांच्या उंचीला लावली आहे, मुलांच्या डोळ्यांसमोर. आठवीतला एक मुलगा नाक काचेला लावून म्हणाला, “टीचर, हाचे फाटीर शींग कित्याक?” पाठीवर शिंग का, हे त्याला कुणीही न सांगता दिसलं. मग सगळा वर्ग चुका शोधायला लागला. खवले चूक. रिबिटं? इथे मी थांबवलं. भारतीय गेंड्याच्या खांद्यांवर आणि मांड्यांवर खरोखरच चामखिळीसारखे गोल उंचवटे असतात, आणि कातडीच्या घड्या लांबून पत्र्यांसारख्याच दिसतात. पायाची तीन बोटं बरोबर. म्हणजे पाठवलेलं रेखाटन कुणीतरी लक्षपूर्वक केलं होतं, आणि न पाहिलेल्या जागा ड्यूररने स्वतःच्या गावातल्या ओळखीच्या वस्तूंनी भरल्या.

शेजारी मी मोहेंजोदडोच्या गेंडा असलेल्या मुद्रेचं छायाचित्र लावलंय, इतिहासाच्या पुस्तकातलं मोठं करून. मूळ मुद्रा हाताच्या तळव्यात मावते. चार हजार वर्षांपूर्वीचा तो कारागीर: एकच शिंग, नाकावर. घड्या जागच्या जागी, कातडीचा खडबडीतपणाही कोरलेला. त्याच्या पाठीवर शिंग नाही, कारण त्याने गेंडा पाहिला होता. दोन्ही चित्रं एकाखाली एक लावली की मुलं आपसूक तुलना करतात, मला बोलावं लागत नाही.

त्याच वर्षी, 1515 मध्येच, आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही याच गेंड्याचा छापा काढला. त्याची एकच प्रत शिल्लक आहे, व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात. त्याचा गेंडा साधा आहे, खऱ्याच्या जास्त जवळ, आणि त्याच्या पुढच्या पायांना दावं बांधलेलं आहे. ड्यूररच्या गेंड्याला दावं नाही. माझ्या मते या दोन चित्रांतला सगळ्यांत मोठा फरक पाठीवरचं शिंग नव्हे, ते दावं आहे. एक जनावर बंदी आहे आणि दुसरं चिलखत घातलेला योद्धा. जगाने योद्धा उचलला. 1551 मध्ये स्विस अभ्यासक गेस्नरने प्राण्यांच्या ग्रंथात तो जसाच्या तसा घेतला, पुढची दोनशे वर्षं युरोपात गेंडा म्हटलं की हाच. क्लारा नावाची गेंडी 1741 मध्ये युरोपात आली, गावोगाव फिरवली गेली आणि 1749 मध्ये पॅरिसमध्ये उद्री या फ्रेंच चित्रकाराने तिला समोर पाहून रंगवलं, तेव्हा कुठे पाठीवरचं शिंग पुसायला सुरुवात झाली.

वापराबद्दल दोन गोष्टी, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाचं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट हवाच. माझ्या फ्रेमवाल्याने पहिल्यांदा मागे साधा पुठ्ठा ठोकला होता, तो मी बदलायला लावला. तशा पुठ्ठ्याला जुलैत बुरशी धरते आणि ऑगस्टात ती चित्रावर येते. भिंतीपासून फ्रेम थोडी सुटी राहावी म्हणून मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले आहेत. एक पावसाळा गेला, कागद अजून पांढरा आहे.

आणि मागवताना रंग बघा. काळ्या शाईचीच प्रत घ्या. हिरवट किंवा तपकिरी छटेच्या जुन्या प्रती खोट्या नसतात. आम्सटरडॅमच्या विलेम यान्सेनने 1620 नंतर ड्यूररच्या मूळ ठशासोबत छटेचा दुसरा ठसा वापरून तशा काढल्या. तोवर मूळ लाकडाला कीड लागली होती आणि तडाही गेला होता. त्या प्रतींचीही वेगळी मजा आहे. पण पहिल्यांदा घेत असाल तर माथ्यावरच्या ओळी मोजा. पाच असल्या तर पैसे द्या.

लिनोच्या, म्हणजे मऊ पट्टी कोरून ठसा करण्याच्या, तासाला आता भेंडी-बटाट्याचे ठसे सोडून मुलं गेंडा कोरतात. नियम माझा: चित्र बघायचं नाही, शेजाऱ्याने वर्णन करायचं आणि ऐकून काढायचं. गेल्या आठवड्यातल्या सव्वीस गेंड्यांपैकी चारांच्या पाठीवर शिंग होतं. एका मुलीने पुढच्या पायांना दोरी काढली आणि दोरीचं दुसरं टोक एका माणसाच्या हातात दिलं. खाली उलटी अक्षरं कोरायची हे तिला आठवलं होतं, त्यामुळे छाप्यात नाव सुलटं उमटलं: ओसेम.